‘कॅम्पेन’, ‘मोहीम’ आणि ‘चळवळ’ : तीन शब्दांची कुळकथा

डिचोली तालुक्याच्या उत्तर अंगास, दोडामार्गाच्या सीमेला टेकून लाटंबार्से हा गाव वसलेला आहे. गावाच्या पलीकडे सिंधुदुर्ग जिल्हा लागतो. आज ही सीमा दोन राज्यांमधील एक साधी रेषा आहे. परंतु डिसेंबर १९६१ पर्यंत ती दोन देशांमधील सरहद्द होती, आणि त्याही आधी सावंतवाडी संस्थान व पोर्तुगीज राज्य यांच्यामधील. नातीगोती, देवदेवस्की आणि भाषा या रेषेच्या दोन्ही बाजूंस सारखीच. राज्ये मात्र निराळी. दसऱ्याचे सीमोल्लंघन हा अन्यत्र केवळ एक विधी उरला असताना, अशा सीमेवरच्या गावांना त्या शब्दाचा मूळ अर्थ फार काळपर्यंत ठाऊक होता. सीमा ओलांडून कोणी येते तेव्हा काय घडते, हे पेडणे आणि डिचोली या दोन महालांनी शतकानुशतके पाहिले आहे.

आज ‘कॅम्पेन’ हा इंग्रजी शब्द मराठी बोलण्यात सर्रास येतो. निवडणुकीचे कॅम्पेन असते, लसीकरणाचे असते, साबणाच्या जाहिरातीचेही असते. त्यासाठी मराठीत ‘मोहीम’, ‘अभियान’, ‘प्रचार’, ‘आंदोलन’, ‘चळवळ’ असे अनेक शब्द वापरले जातात, आणि पुष्कळदा ते एकमेकांच्या जागी बसवले जातात. वास्तविक या प्रत्येक शब्दाचे कुळ वेगळे आहे. त्यांतील काही शब्द रणांगणातून आले आहेत, तर काही मुळी रणांगणाकडे फिरकलेलेच नाहीत. वाचनालयासारख्या संस्थेने शंभर वर्षे जे कार्य केले, त्याला यांपैकी कोणते नाव शोभेल, हा प्रश्नही या कुळकथेशी जोडलेला आहे.

‘कॅम्पेन’चे मूळ लॅटिन भाषेतील ‘कांपुस’ या शब्दात आहे. कांपुस म्हणजे मोकळे, सपाट मैदान. त्यापासून ‘कांपानिया’ म्हणजे मैदानी प्रदेश, आणि पुढे इटालियन व फ्रेंच भाषांमार्गे हा शब्द सतराव्या शतकात इंग्रजीत आला. आरंभी त्याचा अर्थ उघडा मुलूख एवढाच होता. त्याला लष्करी अर्थ चिकटला तो ऋतुमानामुळे. युरोपातील सैन्ये हिवाळ्यात तटबंदीच्या गावांतून मुक्काम करीत. बर्फ वितळून वाटा मोकळ्या झाल्या की ती मैदानात उतरत. सैन्य जितका काळ मैदानात असे, तेवढा काळ म्हणजे एक ‘कॅम्पेन’. अर्थात या शब्दाच्या पोटात स्थळ आणि काळ या दोहोंची मर्यादा प्रथमपासूनच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंतच्या काळात तो हळूहळू राजकारणात शिरला आणि मते मिळविण्याच्या धडपडीला, विशेषतः अमेरिकेत, हेच नाव पडले. तेथून तो समाजसुधारकांच्या, आणि शेवटी व्यापाऱ्यांच्या हाती गेला.

या कांपुसचे गोत मोठे आहे, आणि त्यातील काही आप्त मराठीच्या घरात फार पूर्वीच येऊन राहिले आहेत. मैदानात उतरून लढणारा तो ‘चॅम्पियन’. फ्रान्समधील ज्या मैदानी प्रांतात मद्य तयार होते, त्या प्रांताच्या नावावरून ‘शँपेन’. विद्यापीठाच्या आवाराला ‘कॅम्पस’ म्हणण्याची प्रथा अमेरिकेत प्रिन्स्टन येथे १७७४ च्या सुमारास पडली. पुणे आणि बेळगाव येथील ‘कॅम्प’ सर्वांच्या परिचयाचा आहे. पणजीतील कांपाल हे नावदेखील मैदान या अर्थाच्या पोर्तुगीज ‘कांपु’ शब्दाच्याच कुळातले. आणि सर्वांत मौजेचा आप्त म्हणजे ‘कंपू’. महादजी शिंद्यांच्या पदरी दे बॉयन या सरदाराने कवायती पलटणी उभ्या केल्या, त्यांना मराठी कागदांत ‘कंपू’ म्हटलेले आढळते. इंग्रजी ‘कॅम्प’ किंवा पोर्तुगीज ‘कांपु’ यांपासून झालेला हा शब्द. पलटणी गेल्या, पण शब्द राहिला. आज चार समविचारी माणसांच्या टोळक्याला आपण किंचित नापसंतीने कंपू म्हणतो, तेव्हा नकळत रोमन मैदानाचेच नाव घेत असतो.

आता ‘मोहीम’. हा शब्द अरबी ‘मुहिम्म’ यावरून फारसीमार्गे मराठीत आला. मुहिम्म म्हणजे महत्त्वाचे, ज्याची चिंता वाहावी असे कार्य. चिंता या अर्थाचा अरबी ‘हम्म’ हा शब्द त्याच धातूचा. राज्यकर्त्याला सर्वांत चिंतेचे कार्य म्हणजे युद्ध. म्हणून दख्खनच्या दरबारी भाषेत मुहिम्मला लष्करी स्वारीचा अर्थ आला. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाच्या रूपाने फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा प्रयत्न झाला, तरी मोहीम हा शब्द मराठीतून गेला नाही. बखरी आणि पत्रव्यवहार यांत तो स्वारी, मुलूखगिरी या सोबत्यांसह कायम राहिला.

युरोपच्या हिवाळ्याचे काम आपल्याकडे पावसाळ्याने केले. नद्यांना पूर, घाटवाटा निसरड्या, चिखलात रुतणाऱ्या तोफा. म्हणून पाऊस पडेपर्यंत सैन्याने परतावे आणि दसऱ्याला पुन्हा सीमा ओलांडावी, हा मराठ्यांचा क्रम. पावसाळ्यात सैन्य जेथे शाकारलेल्या निवाऱ्यात राही ती ‘छावणी’. तिचे नाते ‘छावणे’ म्हणजे शाकारणे या क्रियेशी आहे. आज छावणी आणि कॅम्प हे समानार्थी मानले जातात, पण मुळात एक पावसाचा निवारा आहे आणि दुसरे उघडे मैदान.

तिसरा शब्द ‘अभियान’ हा संस्कृत. एखाद्यावर चालून जाणे हा त्याचा जुना अर्थ. कौटिलीय अर्थशास्त्राच्या नवव्या अधिकरणाचे नावच ‘अभियास्यत्कर्म’ आहे. चाल करून जाऊ इच्छिणाऱ्या राजाने काय करावे याचा विचार त्यात आला आहे. तेथेही ऋतूंचा हिशेब आहेच : दीर्घ मोहिमेसाठी मार्गशीर्षात निघावे, मध्यम मोहिमेसाठी चैत्रात आणि अल्पकालीन मोहिमेसाठी ज्येष्ठात, असे कौटिल्य सांगतो. लॅटिन, अरबी आणि संस्कृत या तीन दूरच्या भाषांतून आलेले हे तीन शब्द अशा रीतीने एकाच ठिकाणी येऊन भेटतात. तिन्हींना सेनापती लागतो, शत्रू लागतो, ऋतू लागतो आणि शेवट लागतो.

डिचोली-पेडण्याच्या इतिहासात या तिन्ही शब्दांचे अर्थ जमिनीवर उमटलेले दिसतात. नोव्हेंबर १६६७ मध्ये शिवाजी महाराजांच्या सैन्याने बारदेशात प्रवेश केला. पोर्तुगीज हद्दीत आश्रय घेतलेल्या बंडखोर देसायांचा प्रश्न त्यामागे होता. पुढच्याच वर्षी, १६६८ मध्ये, नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या मंदिराचा महाराजांनी जीर्णोद्धार केला. त्याचा शिलालेख आजही तेथे आहे. संभाजी महाराजांच्या काळात तर डिचोली हे मोहिमेचे एक केंद्रच बनले. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र शाहजादा अकबर याचा मुक्काम १६८३ मध्ये डिचोलीत होता. गावातील नमाजगा ही वास्तू त्याच्याच नावाशी जोडली जाते. त्या वर्षी पाऊस सरताच पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. संभाजी महाराजांनी तो उठविला, नोव्हेंबरच्या अखेरीस जुवे बेट घेतले, आणि डिसेंबरात बारदेश व साष्टी या महालांत मराठी फौजा शिरल्या. इतक्यात शाहआलमच्या नेतृत्वाखाली मोगल सैन्य घाट उतरून येत असल्याचे वर्तमान आले आणि १६८४ च्या आरंभी ही मोहीम आवरती घ्यावी लागली. मागून आलेल्या मोगल फौजेने डिचोलीची नासधूस केली. मोहिमा राजांच्या असतात, पण त्यांची किंमत वाटेवरची गावे मोजतात, याचा हा जुना दाखला आहे.

पुढच्या शतकात चाल पोर्तुगीजांची होती. ५ मे १७४६ रोजी, म्हणजे पावसाला महिनाभर असताना, त्यांनी पेडणे महालातील हळर्णचा किल्ला घेतला. पोर्तुगीज त्याला ‘आलोर्ना’ म्हणत. या विजयाबद्दल व्हाइसरॉयला पुढे ‘मार्केश द आलोर्ना’ ही पदवी मिळाली, आणि पेडण्यातील एका गावाचे नाव पोर्तुगालच्या सरदारघराण्याला कायमचे चिकटले. अखेर डिचोली १७८१ मध्ये, सत्तरी १७८२ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली गेले. हे सारे प्रदेश ‘नव्या काबिजादी’ म्हणून ओळखले गेले. जुन्या काबिजादीत सोळाव्या शतकात जे धर्मांतराचे पर्व घडले, ते येथे घडले नाही. देवळे, ग्रामसंस्था आणि रूढी यांना धक्का लावणार नाही अशी हमी राज्यकर्त्यांना द्यावी लागली. त्यामुळेच कीर्तन, पुराण, पोथी आणि मोडीतील हिशेब यांच्या आधाराने मराठीचा दिवा या गावांत तेवत राहिला. राजभाषा पोर्तुगीज, बोली कोकणी आणि पोथीची भाषा मराठी, अशी ही तीन थरांची रचना होती.

येथे चौथा शब्द पुढे येतो. ‘चळवळ’ हा शब्द अस्सल देशी आहे. ‘चळणे’ आणि ‘वळणे’ यांच्याशी नाते सांगणारा, चुळबुळीचा शेजारी. त्यात मैदान नाही, सेनापती नाही आणि ऋतूही नाही. आहे ती आतून उठणारी हालचाल. समर्थ रामदासांनी दासबोधात हा शब्द मोठ्या अर्थाने वापरला आणि त्याला प्रतिष्ठा दिली. ‘आंदोलन’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ झोका. गायनात स्वराच्या हलकेच झुलण्याला आजही आंदोलन म्हणतात. ‘सत्याग्रह’ हा तर विसाव्या शतकात जाणीवपूर्वक घडविलेला शब्द. दक्षिण आफ्रिकेतील लढ्याला नाव हवे म्हणून ‘इंडियन ओपिनियन’ पत्रातून सूचना मागविण्यात आल्या. मगनलाल गांधींनी ‘सदाग्रह’ सुचविला आणि गांधीजींनी त्याचा ‘सत्याग्रह’ केला. एखाद्या लढ्याला परका शब्द पुरत नाही, तेव्हा समाज नवा शब्द घडवितो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

गोव्यात चळवळ आधी वाचनाच्या रूपाने आली. पोर्तुगालमध्ये ५ ऑक्टोबर १९१० रोजी प्रजासत्ताक स्थापन झाले आणि हिंदूंना समान नागरी हक्क मिळाले. त्यानंतरच्या काही वर्षांत शाळा, वाचनालये आणि नियतकालिके यांची लाटच उठली. गो. पु. हेगडे देसाई यांचे ‘भारत’ याच काळातले. पणजी आणि मडगाव येथे मराठी ग्रंथालये उभी राहिली ती लोकवर्गणीतून. सीमेपलीकडे रत्नागिरीचे ग्रंथालय १८२८ पासून आणि सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ पासून कार्य करीत होते. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल बोर्डेन यांना पाचारण करून फिरत्या पेटीवाचनालयांपर्यंत मजल गाठली होती. बडोद्याला राजाश्रय होता. गोव्याच्या मराठी वाचनालयांना तो नव्हता. सालाझारच्या राजवटीत तर छापील निमंत्रणपत्रिकाही आधी तपासून घ्यावी लागे. अशा काळात कपाटातील पुस्तक हेच सीमोल्लंघन होते.

१८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया यांनी सभाबंदी मोडली. दिवस पावसाचे होते. त्यानंतर १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या तुकडीने सरहद्द ओलांडली, आणि १५ ऑगस्ट १९५५ रोजी, ऐन श्रावणात, हजारो सत्याग्रही अनेक वाटांनी गोव्यात शिरले. पेडणे महालातील पत्रादेवी येथे कर्नैलसिंग बेनिपाल यांना गोळी लागून वीरमरण आले. त्या एका दिवशी वीसहून अधिक सत्याग्रही ठार झाले. शब्दांच्या दृष्टीने या तारखांकडे पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. ज्या ऋतूत कोणतेही सैन्य कधी सीमा ओलांडीत नसे, त्याच ऋतूत ही निःशस्त्र माणसे निघाली. मोहिमेला हवामान पाहावे लागते. चळवळीला पाहावे लागते ते मन. आणि तोफा, घोडे, दारूगोळा यांचे ओझे नसल्याने चिखल तिला अडवू शकत नाही.

लष्करी कारवाई झाली ती मात्र ऋतू पाहूनच, डिसेंबर १९६१ मध्ये. उत्तरेकडील एक आघाडी दोडामार्गाच्या बाजूने, म्हणजे लाटंबार्सेच्याच अंगाने उघडली गेली. १७ डिसेंबरच्या रात्री हालचाल सुरू झाली आणि १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. मोहीम दोन दिवसांत संपली. परंतु तिला अर्थ देणारी चळवळ त्याआधी पंधरा वर्षे चालली होती, आणि त्या चळवळीला भाषा देणारे वाचन त्याहूनही जुने होते. दोहोंची तुलना करून एकाला कमी लेखण्याचे कारण नाही. दोहोंची कामेच निराळी.

त्यानंतर गोव्याने कॅम्पेनचा आधुनिक अर्थही लवकरच अनुभवला. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीनीकरण हवे असणाऱ्यांचे चिन्ह फूल, आणि संघप्रदेश म्हणून वेगळे राहू इच्छिणाऱ्यांचे चिन्ह दोन पाने. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. प्रचाराची ही धुमाळी दोन्ही बाजूंनी मोठ्या प्रमाणात मराठीतूनच झाली. ‘गोमन्तक’ दैनिक विलीनीकरणाचा पुरस्कार करीत होते, तर ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिकच त्याला विरोध करीत होते. एकच भाषा दोन्ही दळांचे शस्त्र झाली होती. कौलाचा निकाल लागला आणि त्या दिवशी ते कॅम्पेन संपले. भाषेचा प्रश्न मात्र संपला नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. तरीही मराठी वाचली जाईल की नाही हे कायद्याच्या कलमाने ठरणारे नव्हते. ते ठरणार होते घराघरांत, शाळांत आणि वाचनालयांत.

स्वातंत्र्योत्तर काळात ‘मोहीम’ आणि ‘अभियान’ हे शब्द सरकारी कागदांवर प्रतिष्ठित झाले. त्यांनी कामेही मोठी केली, हे मान्य केले पाहिजे. देवीच्या रोगाचा शेवटचा रुग्ण भारतात १९७५ मध्ये आढळला. १९९५ मध्ये सुरू झालेल्या पल्स पोलिओ मोहिमेचे फळ मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्तीच्या प्रमाणपत्राच्या रूपाने पदरात पडले. रोगावर मोहीम चालते, कारण रोग हा शत्रू आहे आणि त्याचा अंत करता येतो. पण हाच शब्द जेव्हा वाचनाला लावला जातो तेव्हा विचार करावा लागतो. ‘वाचन अभियान’ पंधरा दिवस चालते, अहवाल तयार होतो, छायाचित्रे काढली जातात, आणि सोळाव्या दिवशी कपाटांना पूर्ववत कुलूप लागते. दोष हेतूचा नसतो. तो उसन्या घेतलेल्या शब्दाचा असतो. मैदानात उतरलेले सैन्य ऋतू सरला की घरी परतणारच.

ग्रंथालयाच्या कार्याला मराठीने ‘ग्रंथालय चळवळ’ म्हटले, ‘ग्रंथालय मोहीम’ असे नाव रुजले नाही. हा योगायोग नसावा. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. त्यांतील पाचव्यात ग्रंथालय ही वाढती, सजीव संस्था असल्याचे सांगितले आहे. सजीव वस्तूला विजयाचा दिवस नसतो. तिला रोजचे अन्न लागते. महाराष्ट्रात १९६७ मध्ये आणि गोव्यात १९९३ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचे कायदे झाले, अनुदानाची व्यवस्था आली. परंतु शतक ओलांडणाऱ्या वाचनालयांचा पाया त्याहून जुना, वर्गणीदारांच्या आण्या-रुपयांचा आहे.

इमारतीचे छप्पर गळू लागले, जुन्या पोथ्यांना कसर लागली, निधी कमी पडला, तर वाचनालयालाही मोहीम काढावीच लागते. तिला मुदत असावी, प्रमुख असावा, हिशेब असावा, आणि काम झाल्यावर ती संपावी. त्या अर्थाने मोहीम ही वाचनालयाची अधूनमधूनची गरज आहे. मात्र सकाळी दार उघडणे, वर्तमानपत्रे मेजावर मांडणे, परत आलेले पुस्तक नोंदवून जागेवर ठेवणे आणि प्रथमच आलेल्या मुलाला त्याच्या वयाचे पुस्तक काढून देणे, या कामांना मुदत नाही. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी पहिले कपाट आणले त्यांच्या हातून हे काम सुरू झाले, आणि आज वर्गणी भरणाऱ्या सभासदाच्या हातून ते पुढे चालू आहे. या मुलखाने मोहिमा अनेक पाहिल्या. त्यांची नावे किल्ल्यांच्या पडक्या भिंतींवर आणि परदेशी सरदारांच्या पदव्यांत उरली. चळवळीची खूण मात्र वाचनालयाच्या देवघेवीच्या वहीत आहे, आणि तिच्यात उद्याची तारीख घालण्याचे काम प्रत्येक सभासदाकडे आलेले आहे.